नाईकांचा वाडा आणि मालिकेतला 'तो' भाग
भयकथा, विनोद आणि इतिहास : छोट्या पडद्यावरचा सिंधुदुर्ग कसा घडला?

सिंधुदुर्ग : सावंतवाडीजवळच्या आकेरी गावात एक जुना कौलारू वाडा आहे. तो ना कोणत्या राजाचा, ना कोणत्या संताचा. तरीही गेल्या काही वर्षांत गोव्याकडे जाणाऱ्या गाड्या वाट वाकडी करून तेथे थांबू लागल्या. पर्यटक अंगणात उभे राहून छायाचित्रे काढतात आणि 'अण्णा नाईकांचा वाडा तो हाच ना?' असे विचारतात. अण्णा नाईक नावाचा माणूस कधी अस्तित्वात नव्हता. तो 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेतील कुटुंबप्रमुख. मात्र वाडा खरा आहे आणि आता त्याची ओळखही मालिकेचीच झाली आहे.

एखादी मालिका शेकडो भाग चालते. त्यातले बहुतेक भाग दुसऱ्या दिवशी विसरले जातात. काही मात्र वर्षानुवर्षे लक्षात राहतात आणि ज्या गावात ते घडले त्या गावाला चिकटून बसतात. असे का होते? कोणता भाग लक्षात राहावा, हे ठरवते कोण? आणि ज्या भूमीवर हे भाग घडतात, तिच्या वाट्याला त्यातून काय येते? सिंधुदुर्गाच्या निमित्ताने या प्रश्नांची उत्तरे शोधता येतात. कारण भयकथा आणि विनोद या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या मालिकांनी या जिल्ह्याची भाषा व भूमी वापरली आहे आणि तिसऱ्या प्रकारची, म्हणजे ऐतिहासिक मालिकांची, एक मोठी कथा मालवणच्या किनाऱ्यावर उभी आहे.

साप्ताहिक भागापासून रोजच्या रतिबापर्यंत

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतरची अनेक वर्षे मालिकेचा भाग आठवड्यातून एकदा येत असे. चिं. वि. जोशी यांच्या कथांवरील 'चिमणराव'मध्ये दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले. त्यातला प्रत्येक भाग ही एक पूर्ण गोष्ट होती. आठवडाभर वाट पाहिलेल्या प्रेक्षकाला त्याच अर्ध्या तासात सुरुवात, मध्य आणि शेवट मिळत असे. त्यामुळे 'तो अमुक भाग' असे बोट ठेवून सांगता येत होते.

खासगी वाहिन्या आल्यावर हे गणित बदलले. १९९९ मध्ये 'अल्फा मराठी' सुरू झाली, तीच पुढे 'झी मराठी' झाली. हळूहळू साप्ताहिक मालिकेची जागा दैनंदिन मालिकेने घेतली. रोज अर्धा तास याचा अर्थ प्रत्यक्षात रोज बावीस-तेवीस मिनिटांची कथा. कारण तासाला जास्तीत जास्त बारा मिनिटे जाहिरातींची असतात. शिवाय प्रेक्षकसंख्येचे आकडे दर आठवड्याला येतात. २०१५ पासून हे काम 'बार्क' ही संस्था करते. आकडा घसरला की कथानकाला वळण द्यावे लागते आणि चढला की त्याच वळणावर रेंगाळावे लागते.

परिणामी दैनंदिन मालिकेतला भाग ही पूर्ण गोष्ट उरली नाही, ती एका लांबलचक गोष्टीची दिवसाची वाटणी झाली. अशा वेळी लक्षात राहतो तो पहिला भाग, मोठ्या उलगड्याचा भाग, एखाद्या पात्राच्या प्रवेशाचा किंवा मृत्यूचा भाग आणि शेवटचा भाग. सणासुदीला किंवा रविवारी दाखवले जाणारे एक-दोन तासांचे 'महाएपिसोड' याच गरजेतून आले. रोजच्या रतिबात 'तो' भाग मुद्दाम घडवावा लागतो आणि तो कसा घडवायचा, हे मालिकेच्या प्रकारावर अवलंबून असते.

रहस्य : प्रश्न पहिल्या भागात, उत्तर शेवटी

'रात्रीस खेळ चाले' २२ फेब्रुवारी २०१६ रोजी झी मराठीवर रात्री साडेदहा वाजता सुरू झाली. राजू सावंत यांनी दिग्दर्शन केलेल्या या मालिकेची सुरुवात कुटुंबप्रमुख अण्णा नाईक यांच्या मृत्यूने होते. मुंबईत व गावात विखुरलेली मुले, सुना, आई, गडी अशी सारी मंडळी एका वाड्यात एकत्र येतात आणि प्रत्येकावर संशयाची सावली पडते. गावातले समज-गैरसमज, जमिनीचे वाद आणि भावाभावांतले हेवेदावे यांमुळे ती सावली गडद होत जाते. ऑक्टोबर २०१६ मध्ये, आठ महिन्यांनी पहिले पर्व संपले.

ही रचना जगभर पारखलेली आहे. अमेरिकेत ८ एप्रिल १९९० रोजी सुरू झालेल्या 'ट्विन पीक्स'मध्येही पहिल्याच भागात एका तरुणीचा मृतदेह सापडतो आणि सारे गाव संशयित ठरते. त्याआधी 'डॅलस' या मालिकेने २१ मार्च १९८० च्या भागात नायकावर गोळी झाडली आणि ती कोणी झाडली याचे उत्तर २१ नोव्हेंबरपर्यंत राखून ठेवले. तो उलगड्याचा भाग अमेरिकेत सुमारे आठ कोटी लोकांनी पाहिला. 'ट्विन पीक्स'चा अनुभव मात्र उलटा होता. खुनी कोण हे नोव्हेंबर १९९० मध्ये कळले, त्यानंतर प्रेक्षक गळत गेले आणि जून १९९१ मध्ये मालिकाच थांबली. रहस्यमालिकेची अडचण यातून दिसते. तिचे भांडवल प्रश्नात असते. उत्तर दिले की भांडवल संपते आणि दिले नाही तर प्रेक्षक चिडतो.

दूरदर्शनच्या काळात या अडचणीवर सरळ उपाय होता. १९९३ मध्ये आलेल्या बासू चटर्जी यांच्या 'ब्योमकेश बक्षी'त एक प्रकरण एक-दोन भागांत निकाली निघे. दैनंदिन मालिकेला ही चैन परवडत नाही. 'रात्रीस खेळ चाले'ने त्यावर वेगळा मार्ग काढला. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेले दुसरे पर्व काळात मागे गेले. ज्याच्या मृत्यूने गोष्ट सुरू झाली होती, तो अण्णा आता जिवंत, दरारा असलेला, लोभी आणि रंगेल असा समोर आला. माधव अभ्यंकर यांनी साकारलेला अण्णा आणि अपूर्वा नेमळेकर यांची शेवंता यांनी प्रेक्षकांची उत्सुकता 'कोणी मारले?' या प्रश्नावरून 'हा माणूस असा का झाला?' या प्रश्नाकडे वळवली. शेवट ठाऊक असूनही लोक पाहत राहिले.

मार्च २०२१ मध्ये सुरू झालेल्या तिसऱ्या पर्वात अण्णा आणि शेवंता मृत्यूनंतर परतले. म्हणजे पहिल्या पर्वात भय संशयात होते, दुसऱ्यात ते माणसाच्या स्वभावात होते आणि तिसऱ्यात ते उघडउघड भूत होऊन आले. करोनाच्या टाळेबंदीने दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्वात खंड पाडला. कथा वाड्याशी इतकी जखडलेली होती, की वाड्याचे दार बंद झाले की गोष्टही थांबत असे. शेवंतेची भूमिकाही तिसऱ्या पर्वात मध्येच कृतिका तुळसकर यांच्याकडे गेली. एप्रिल २०२२ मध्ये मालिका संपली.

राखणदार की भूत?

पहिले पर्व सुरू होताच कोकणातून विरोधाचा सूर उमटला. मालिकेमुळे कोकण म्हणजे भुताखेतांचा आणि करणी-भानामतीचा मुलूख, असा समज पसरेल, हा मुख्य आक्षेप होता. त्याला संदर्भही ताजा होता. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची ऑगस्ट २०१३ मध्ये हत्या झाली आणि त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. त्यानंतर अवघ्या दोन-अडीच वर्षांनी ही मालिका घराघरांत पोहोचली होती. दुसरीकडे, ही केवळ कल्पित कथा आहे आणि प्रेक्षक सुज्ञ आहे, अशीही बाजू मांडली गेली.

हा वाद अंधश्रद्धा विरुद्ध करमणूक एवढ्यावर सोडला तर त्यातली खरी गोम हातून निसटते. सिंधुदुर्गात अदृश्य शक्तींविषयीची लोकश्रद्धा जुनी आहे, पण ती प्रामुख्याने भयाची नाही. गावाच्या सीमेवरचा देवचार हा राखणदार मानला जातो. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीचा वेतोबा हा तर वेताळच, पण तो गावाचा रक्षणकर्ता. रात्री गावाभोवती फिरताना त्याची पायताणे झिजतात, अशा श्रद्धेने त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहिल्या जातात आणि केळ्यांचे घड अर्पण केले जातात. शुभकार्याच्या आरंभी घातले जाणारे गाऱ्हाणे आणि त्याला जमावाने दिलेला 'व्हय म्हाराजा' हा होकार, यांतही शक्तीला घाबरण्यापेक्षा तिला कामाला लावण्याचा, हक्काने साकडे घालण्याचा भाव आहे.

ही श्रद्धा खरी मानावी की नाही, हा स्वतंत्र प्रश्न आहे. पण भयमालिकेचा साचा तिला जसाच्या तसा घेऊ शकत नाही. त्या साच्याला रोज रात्री एका दचकण्याची गरज असते. रक्षण करणारा देवचार दचकवत नाही, म्हणून तो मागे पडतो आणि अंधारातली सावली पुढे येते. कोकणवासीयांच्या नाराजीचा मुळापर्यंत जाणारा अर्थ कदाचित हाच असावा. आपल्याकडे भुते दाखवली, यापेक्षा आपले राखणदार भुते म्हणून दाखवले गेले, ही ती खंत.

विनोद : गजाली संपते तेथे भाग संपतो

त्याच मातीतून दुसऱ्याच वर्षी वेगळे पीक आले. २०१७ मध्ये झी मराठीवर 'गाव गाता गजाली' सुरू झाली. गजाली म्हणजे गप्पा. पारावरच्या, दुकानाच्या फळीवरच्या, एकाने सुरू करून दुसऱ्याने फिरवलेल्या आणि तिसऱ्याने मूळ मुद्दाच गायब केलेल्या. भयमालिकेतले काही ओळखीचे चेहरे येथेही होते. मात्र जे अंगण रात्री भीतीचे होते, ते दिवसा हास्याचे झाले.

विनोदी मालिकेत प्रसंगाचा गुंता त्याच बैठकीत सुटणे चांगले. हशा उद्यावर ढकलता येत नाही. म्हणून विनोदी मालिका साप्ताहिक काळातल्या पूर्ण गोष्टीच्या अधिक जवळ राहते आणि तिचे भाग 'पुढे काय झाले' म्हणून आठवण्याऐवजी 'तो काय म्हणाला' म्हणून आठवतात. 'रात्रीस खेळ चाले'तही हेच दिसले. मालिकेचे संवादलेखक प्रल्हाद कुडतरकर यांनी स्वतः साकारलेला विसरभोळा पांडू आणि त्याचे 'इसरलंय' हे पालुपद अनेकांना खुनाच्या उलगड्यापेक्षा जास्त लक्षात आहे.

मालवणीला हे स्थान सहज मिळालेले नाही. मराठी रंगभूमीवर ही बोली दीर्घकाळ गड्याच्या तोंडी चार हशे मिळवण्यापुरती असे. १९८० मध्ये गंगाराम गवाणकर यांचे 'वस्त्रहरण' रंगभूमीवर आले आणि मच्छिंद्र कांबळी यांच्या तात्या सरपंचाने ही बोली नाटकाच्या मध्यभागी आणून बसवली. पाच हजारांहून अधिक प्रयोग झालेल्या या नाटकाने मालवणी न येणाऱ्यालाही मालवणी ऐकायची सवय लावली. दूरचित्रवाणीने त्यात पुढची भर घातली. 'रात्रीस खेळ चाले'त आई रडते ती मालवणीत, भाऊ भांडतात ते मालवणीत आणि धमकी दिली जाते तीही मालवणीत. हसण्यापुरती असलेली बोली येथे दुःखाची आणि दहशतीचीही झाली. मालिकेने जिल्ह्यावर अन्याय केला असे मानणाऱ्यांनीही तिच्या जमेच्या बाजूला हे मांडायला हवे.

इतिहास : शेवट सर्वांना ठाऊक

तिसरा प्रकार ऐतिहासिक मालिकेचा. २००८ मध्ये स्टार प्रवाहवर आलेल्या 'राजा शिवछत्रपती'ची निर्मिती नितीन चंद्रकांत देसाई यांची होती आणि तिचे चित्रीकरण कर्जतच्या एन. डी. स्टुडिओत झाले. महाराजांच्या भूमिकेत डॉ. अमोल कोल्हे होते. पुढे २०१७ ते २०२० या काळात झी मराठीवरील 'स्वराज्यरक्षक संभाजी'मध्ये त्यांनी संभाजी महाराज साकारले.

येथे रहस्य नाही. अफजलखानाचे काय झाले, आग्र्याहून सुटका कशी झाली, हे शाळकरी मुलालाही माहीत असते. तरीही लोक नेमके तेच भाग पाहायला बसतात. येथे उत्सुकता 'काय होणार' याची नसून 'कसे दाखवणार' याची असते. संभाजी महाराजांवरील मालिकेच्या अखेरीला तर त्यांचा छळ पडद्यावर किती आणि कसा दाखवावा, हाच चर्चेचा विषय झाला होता. ठाऊक असलेला शेवट पाहणे कधी कधी न ठाऊक असलेल्या शेवटापेक्षा जड जाते.

मालवणच्या किनाऱ्यावर अशी एक मोठी कथा समोरच उभी आहे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावरील सिंधुदुर्गाच्या बांधकामाचा मुहूर्त झाला. किनाऱ्यावरील मोरयाचा धोंडा आजही त्या मुहूर्ताची साक्ष म्हणून दाखवला जातो. हिरोजी इंदुलकर यांच्या देखरेखीखाली सुमारे तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. खाऱ्या पाण्याच्या मधोमध दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत आणि राजाराम महाराजांच्या काळात बांधलेले शिवराजेश्वराचे मंदिर आहे. पायात शिसे ओतून समुद्रात तट उभारण्याचे हे काम एखाद्या मालिकेचे कित्येक भाग पेलू शकेल. पण लाटांमधला किल्ला, गलबते आणि शेकडो कामगार उभे करणे हे दरबार उभा करण्याहून कितीतरी खर्चिक आहे. दैनंदिन मालिकेचे अर्थकारण दरबाराच्या बाजूने झुकते. म्हणून पडद्यावरचा इतिहास बहुधा सदरेवर बोलला जातो, समुद्रावर क्वचितच घडतो.

दशावताराने आधीच सोडवलेले कोडे

ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा पुन्हा पाहायला लोक का येतात, या कोड्याचे उत्तर सिंधुदुर्गाला मालिकांच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. कार्तिकापासून जत्रांचा हंगाम सुरू झाला की दशावतारी मंडळे गावोगाव फिरू लागतात. रात्री उशिरा देवळासमोर खेळ उभा राहतो. आधी गणपती, ऋद्धिसिद्धी, सरस्वती, संकासूर असा पूर्वरंग आणि मग पुराणातले एखादे आख्यान. रंगमंचावर सामान म्हणजे एक बाकडे. साथीला पायपेटी, मृदंग आणि झांज. स्त्रीभूमिकाही पुरुषच करतात. लिखित संवाद नसतात. कथानक ठरवून घेतले जाते आणि बोलणे जागेवरच सुचते. पहाटे दहीकाल्याने सांगता होते.

प्रेक्षकाला आख्यानाचा शेवट पाठ असतो. तो पाहायला येतो ते आज राजाने प्रधानाला कसे उत्तर दिले, आजच्या युद्धनृत्यात कोण वरचढ ठरला, संकासुराने गावातल्या कोणाची फिरकी घेतली हे. उद्या तेच आख्यान शेजारच्या गावी होईल, पण आजचा खेळ पुन्हा होणार नाही. भय, विनोद आणि पुराण हे तिन्ही प्रकार एकाच रात्रीत नांदतात. म्हणूनच जे गाव विनोदाला हसते तेच गाव तासाभराने राक्षसाच्या आरोळीने स्तब्ध होते. वाहिन्यांनी हे प्रकार वेगवेगळ्या वेळांना वाटून टाकले. दशावताराला तशी गरज कधी पडली नाही.

गावाच्या पदरात काय?

मालिका संपते, गाव उरते. कर्नाटकातील आगुंबे हे याचे चांगले उदाहरण. आर. के. नारायण यांच्या कथांवरील 'मालगुडी डेज' शंकर नाग यांनी तेथे चित्रित केली आणि १९८७ मध्ये ती दूरदर्शनवर आली. मालगुडी हे गाव नकाशावर नाही, तरी त्याच्या शोधात लोक आगुंब्याला जातात. मालिकेत दिसलेल्या अरसाळू रेल्वे स्थानकाच्या जुन्या इमारतीत आता मालगुडी संग्रहालय आहे. 'ट्विन पीक्स'च्या चाहत्यांचीही वॉशिंग्टन राज्यातील स्नोक्वाल्मी परिसरात वर्दळ असते. आकेरीचा वाडा याच मालिकेतला.

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. मालिकेने आणलेला पर्यटक खानावळीला, रिक्षाला, काजू-कोकम विकणाऱ्याला चार पैसे देऊन जातो, हे खरे. पण तो कोणती ओळख शोधत येतो, हेही तितकेच महत्त्वाचे. भीती पाहायला आलेला वाडा पाहून परततो. त्याच्या यादीत रापण ओढणारे हात नसतात, पहाटेचा मासळीचा लिलाव नसतो, धामापूरचा तलाव नसतो. आजवरच्या लोकप्रिय मालिकांनी या जिल्ह्याचा वाडा, अंगण आणि पार उभा केला. मच्छीमाराचे घर, खाडी आणि दर्या मात्र बहुतांशी पार्श्वभूमीलाच राहिले.

यात दोष एका मालिकेचा नाही. मालिकेचा प्रकार जे मागतो तेच कॅमेरा उचलतो. भयाला काळोख लागतो, विनोदाला पार लागतो, इतिहासाला सदर लागते. या तिन्हींत न मावणारा सिंधुदुर्ग मोठा आहे आणि त्याच्यासाठी अजून मालिकेचा प्रकार सापडायचा आहे. तो सापडेल तेव्हा बोली तयार आहे, कलावंत तयार आहेत आणि समोरचा किल्ला तर साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ उभाच आहे.

चौकट
दृष्टिक्षेपात
* १९७२ : मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू.
* १९८० : 'वस्त्रहरण' रंगभूमीवर, मालवणी बोली नाटकाच्या केंद्रस्थानी.
* १९८७ : 'मालगुडी डेज' दूरदर्शनवर.
* १९९९ : 'अल्फा मराठी' वाहिनी सुरू.
* २००८ : स्टार प्रवाहवर 'राजा शिवछत्रपती'.
* फेब्रुवारी ते ऑक्टोबर २०१६ : 'रात्रीस खेळ चाले', पहिले पर्व.
* २०१७ : 'गाव गाता गजाली', याच वर्षी 'स्वराज्यरक्षक संभाजी' सुरू.
* जानेवारी २०१९ ते ऑगस्ट २०२० : 'रात्रीस खेळ चाले', दुसरे पर्व.
* मार्च २०२१ ते एप्रिल २०२२ : तिसरे पर्व आणि समाप्ती.